दगडीवरचे नवे औषध आणि आपली जुनी सवय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गायींच्या दगडीवर, म्हणजे जंतूंमुळे कास सुजण्याच्या रोगावर, पेप्टाइडचा (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीचा) उतारा सापडत असल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. संशोधन चांगलेच आहे; ‘आता प्रतिजैविकांची गरज संपली’ हा सूर मात्र खटकला. महूला पशुवैद्यक शिकून इंदूरच्या आसपासच्या गोठ्यांतच नोकरी झाली, म्हणून लिहितो.

स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू कासेच्या नलिकांत चिकट थर करून राहतो. तोच बायोफिल्म. थराच्या आत तो जवळजवळ वाढतच नाही आणि बहुतेक प्रतिजैविके वाढत्या जंतूवरच नीट चालतात. म्हणून सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडली की दुधातल्या गाठी जातात, मालक निर्धास्त होतो आणि काही दिवसांनी तोच सड पुन्हा सुजतो. पेप्टाइड जंतूचे आवरणच फोडतात, त्यामुळे सुस्त पडलेलाही मरू शकतो. गायीच्या पांढऱ्या पेशींत ती मुळातच असतात. इंडोलिसिडिन तर अवघ्या 13 अमिनो आम्लांचे. पण प्रयोगशाळेच्या बशीतला प्रयोग वेगळा आणि भरलेली कास वेगळी. दुधातल्या कॅल्शियम आणि केसिन या प्रथिनापुढे यातली बरीच पेप्टाइड मंदावतात.

शिवाय कोलिस्टिन विसरू नये. तेही पेप्टाइडच, माणसांसाठी राखून ठेवायचे औषध. ते कोंबड्यांच्या खाद्यात घातले गेले. 2015 मध्ये चीनमध्ये त्याला न जुमानणारे, एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाणारे जनुक सापडले. 2019 मध्ये आपल्या सरकारला पशुपालनातल्या वापरावर बंदी घालावी लागली. ट्यूब आजही चिठ्ठीशिवाय मिळते, उरलेली शेजारच्या गोठ्यात जाते. नव्या औषधाचे वेगळे काय होणार?

खरी अडचण लपलेल्या दगडीची आहे. कास सुजत नाही, दूध पांढरेशुभ्र दिसते, फक्त घटते. ती ओळखणाऱ्या कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्टला चार वाट्यांचे एक ताटले आणि थोडे द्रावण पुरते. चारही सडांचे दूध वेगवेगळे घ्यायचे, ज्या वाटीत जेलीसारखे घट्ट होईल तो सड बिघडलेला. धार काढल्यावर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवावेत आणि लगेच वैरण टाकावी. म्हणजे सडाचे उघडे तोंड मिटेपर्यंत गाय उभी राहते, खाली बसत नाही. यंत्राने धार काढणाऱ्यांनी रबरी नळ्याही पाहाव्यात, तिथेही हाच थर साचतो.

दूध संघांनी पर्यवेक्षकांकरवी दर महिन्याला ही चाचणी गोठ्यावर करून घ्यावी. ट्यूब सोडलेल्या गायीचे दूध कोणत्या तारखेपर्यंत घ्यायचे नाही, हे संकलन केंद्राच्या फळ्यावर लिहावे.

एक निवृत्त पशुवैद्यक, इंदूर