मालगुंडच्या केशवसुत स्मारकातल्या काकांना

काका,
सप्रेम नमस्कार.

गणपतीपुळ्याला आलेली बरीच मंडळी मालगुंडलाही डोकावतात, केशवसुतांच्या घरासमोर फोटो काढतात आणि पुढे निघतात. त्या गर्दीत आम्ही तुमच्या लक्षात असू की नाही, कोण जाणे. मी जळगावचा. सोबत काठी टेकत चालणारे माझे बाबा होते, मराठीचे निवृत्त शिक्षक.

नजर अधू झाल्यामुळे शिळांवर कोरलेल्या कविता बाबांना वाचता येईनात. ते पाहून तुम्ही शेजारी उभे राहून म्हणायला सुरुवात केलीत. ‘तुतारी’ तर बाबांनी दुसऱ्या कडव्यापासून तुमच्याकडून काढूनच घेतली! मध्येच अडले, तेव्हा तुम्ही पुढचा एक शब्द हळूच पुरवलात आणि पुन्हा गप्प झालात. “वर्गात पोराला असंच सावरायचं असतं,” बाबा नंतर गाडीत म्हणाले. त्यांच्याकडून शाबासकी मिळणं सोपं नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

‘आम्ही कोण?’ ही कविता १९०१ साली फैजपूरला लिहिली गेली, असं तुम्ही म्हणालात आणि बाबांची कळीच खुलली. फैजपूर आमच्या जिल्ह्यातलं. केशवसुत तिथे शिक्षक होते आणि बाबांची निम्मी नोकरीही त्याच भागात झाली. मग काय, ‘तुतारी’ आणि ‘झपूर्झा’ दोन्ही १८९३ मधल्या, तरी दोन्हींची जात किती निराळी, यावर तुमचं दोघांचं जे रंगलं! मी आपला चपला सांभाळत ओटीवर बसून राहिलो.

आणखी एक. १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने केशवसुत गेले, वय अवघं ३९, मागोमाग पत्नीही गेल्या. कवितासंग्रह निघाला तो त्यानंतर. हे सगळं तुम्ही आवाज न कापवता, सरळ सांगितलंत. अशा जागी हमखास नाटक करणारे माहीतगार मी पुष्कळ पाहिलेत, म्हणून ते विशेष भावलं.

तुमच्या जेवणाची वेळ टळून गेली होती, हे बाहेर पडल्यावर कळलं. पैसे तर तुम्ही घेतलेच नाहीत. तेव्हा हे जाहीर आभार.

बाबांनी जपलेले जुने दिवाळी अंक स्मारकाला द्यायचं त्यांच्या मनात आहे. चालणार असतील तर कळवा, बांधून पाठवतो.

आपला,
जळगावच्या गुरुजींचा मुलगा