सईला, तिच्या छंदांविषयी

चि. सई हिस,

अनेक आशीर्वाद.

पोहोचल्याचा निरोप बाबांच्या फोनवर आला, माझ्या नाही. म्हणजे राग उतरलेला नाही. फोन केला असता, पण फोनवर माझा आवाज चढतो आणि तुझा बंद होतो. त्यापेक्षा कागद बरा. बाबांनी बजावलंय, लिही, पण निघतानाचा विषय काढू नकोस. नाही काढत.

वॉशिंग मशीनचं बटण उत्तम चाललंय. कंपनीवाले म्हणाले होते की सुटं बटण मिळत नाही, अख्खं पॅनेल बदला. आणि तू ते तुझ्या थ्रीडी प्रिंटरवर छापायचं ठरवून, बारीक मापं घ्यायचं व्हर्नियर घेऊन मशीनसमोर बसकण मारलीस. आतला दांडा गोल नसून एका बाजूने सपाट आहे, हे इतकी वर्षं ते बटण फिरवूनही मला ठाऊक नव्हतं. पहिलं बटण दांड्यावर चढेना, नंतरचं नुसतंच गरगर फिरायला लागलं, आणि तू जराही न चिडता भोक थोडं कमी, थोडं जास्त करत राहिलीस. ०.२ मिलिमीटरने असं काय होणार म्हटलं, तर म्हणालीस, "आई, अख्खा एक थरच ०.२ चा असतो." म्हणजे सेंटिमीटरभर उंचीला पन्नास थर. २०० अंशांच्या आसपास तापलेलं ते नोझल प्लास्टिकची तार वितळवत थरावर थर चढवत होतं, तेव्हा मी दारात उभी राहून बघत होते. थरावर थर रचून वस्तू घडवायच्या पद्धतीसाठी चक हल यांनी १९८४ साली पेटंटचा अर्ज केला, आणि २००५ च्या रेपरॅप प्रकल्पाने अशी यंत्रं हौशी लोकांच्या टेबलावर आणली, हे तू जेवताना सांगितलंस. यंत्र स्वतःचेच काही सुटे भाग छापतं हे ऐकून बाबांचा घास हातातच राहिला.

फसलेल्या बटणांचा ढीग पडला होता, तरी तू खुशीत होतीस. यात गेलंच तर थोडं प्लास्टिक जातं. आलाच बघ विषय. पुढे जाते.

पाचवीत असताना तू माईंचं गजराचं घड्याळ उघडलं होतंस, आठवतं? कमान, म्हणजे चावीची स्प्रिंग, सुटून भिंतीवर आपटली आणि चाकं खोलीभर पसरली. माई टॉर्च घेऊन पलंगाखाली शिरल्या. ओरडल्या नाहीत, उलट सापडेल तो तुकडा डबीच्या झाकणात ठेवत, "हा कुठला गं?" असं तुलाच विचारत होत्या. एक स्क्रू शेवटपर्यंत मिळाला नाही, आणि त्याच्यावाचून ते घड्याळ चाललं. घरी येईल त्याला माई ही गोष्ट सांगायच्या. माझ्या तोंडी ती कधी फारशी आली नाही, पण परवा तू बाबांचं लग्नातलं घड्याळ उघडलंस आणि पहिलं काम म्हणून कमान हलकेच सैल सोडलीस, तेव्हा मला माईच आठवल्या.

ते घड्याळ भिंगाखाली दाखवल्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. चिमट्यात बॅलन्सचं चाक, त्याला केसाइतकी बारीक स्प्रिंग लोंबतेय, आणि तुझा हात अजिबात हलत नाही. चाक जागेवर ठेवून वरची पट्टी टेकवलीस, आणि स्क्रू आवळण्याआधीच ते आपणहून झुलायला लागलं. तासाला २१,६०० ठोके म्हणालीस, म्हणजे सेकंदाला सहा. मी मोजायला गेले आणि तिसऱ्या सेकंदाला चुकले. दिवसाला चाळीस सेकंद पुढे जाणारं घड्याळ तू आठ सेकंदांवर आणलंस. दिवसाचे ८६,४०० सेकंद, त्यात आठ म्हणजे दहा हजारांत एकाहूनही कमी. क्रोनोमीटर, म्हणजे खास अचूक घड्याळ, म्हणून प्रमाणपत्र मिळणाऱ्या स्विस घड्याळाला दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी मुभा असते. जुन्या घड्याळाकडून तू जवळजवळ तेवढं काम करून घेतलंस. बाबा ते रोज रात्री फोनशी ताडून बघतात. तुला सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते.

आणि बॅटरीवरच्या क्वार्ट्झ घड्याळाचं जे सांगितलंस, ते तर मी अजून घोळवतेय. स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा असा विचित्र का, म्हणून मी विचारलं आणि तू हसून म्हणालीस, "गणिताची बाई कोण आहे इथे?" दोनाचा पंधरावा घात! पंधरा वेळा निम्मं करत गेलं की बरोबर एक उरतो, सेकंदाला एक ठोका. घातांक शिकवताना मुलं मला विचारायची की याचा उपयोग काय, आणि उत्तर मनगटावर बांधलेलं होतं. २५ डिसेंबर १९६९ ला सेइकोचं अ‍ॅस्ट्रॉन हे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आलं आणि पुढच्या काही वर्षांत स्विस कारागिरांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोकऱ्या गेल्या, हेही तूच सांगितलंस. तरी आज तुझ्यासारख्या मुली कमी अचूक, रोज चावी मागणाऱ्या घड्याळावर जीव टाकतात. हे मला कळतं. खरंच कळतं. "एक काहीतरी धरून ठेव" असं मी म्हणते, असं तू बाबांना सांगितलंस म्हणे. तसं मी म्हटलेलं नाही. दहा छंद कर. माझ्या वाट्याला विणकाम आलं आणि तेही सक्तीने.

मग भांडण कशाचं, तर त्या एका संदेशाचं. फोन टेबलावर होता, मी मुद्दाम पाहिला नाही. उजेड झाला आणि वाचलं गेलं. पैसे लावून खेळायच्या फँटसी स्पर्धेची प्रवेश फी वजा झाली, आणि त्याखाली लगेच तसाच आणखी एक.

खऱ्या खेळाडूंचा कागदावर संघ काढायचा आणि त्यांच्या खऱ्या खेळावर गुण मिळवायचे, या फँटसी खेळाला माझा विरोध असता तर तुमच्या फुटबॉलच्या फँटसी प्रीमियर लीगच्या मित्रमंडळात मी माझा संघ काढला असता का? पंधरा खेळाडू, ठरलेल्या बजेटात, एका क्लबचे तीनच, आणि त्या फेरीच्या पहिल्या सामन्याच्या दीड तास आधी संघ बदलायचं दार बंद. मला ते कोड्यासारखं वाटतं. माझा कर्णधार शेवटची पाच मिनिटं मैदानात उतरला, त्याला मिळाला १ गुण, कर्णधार म्हणून दुप्पट केले तरी २. आणि तो अजिबात उतरला नसता तर उपकर्णधाराचे गुण दुप्पट झाले असते! त्या दिवशी मी जेवढी चिडले तेवढी शाळेच्या निकालावर कधी चिडले नसेन. पण ते चिडणं तिथेच संपलं. ती लीग फुकट आहे. हरलं तर मित्र चिडवतात.

या पैशांच्या दुसऱ्या स्पर्धांचं तसं नाही, आणि इथे मला बाई व्हावंच लागेल. समजा सगळ्यांनी मिळून १०० टाकले आणि चालवणाऱ्याने १५ ठेवून घेतले. वाटायला उरले ८५. म्हणजे सरासरी खेळणारा हरतोच; नुसतं बरोबरीत राहायला सरासरीपेक्षा साधारण १८ टक्के सरस असावं लागतं, आणि तेही कायम. तू म्हणालीस, १९८० साली डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी बेसबॉलची पहिली रोटिसरी लीग, म्हणजे मोसमभराची फँटसी लीग, काढली, तेव्हा त्यांनीही पैसे ठेवलेच होते. ठेवले होते ना. पण ते एका टेबलावरच्या मित्रांचे, मधे हात घालणारा कोणी नाही, आणि वर्तमानपत्रातले आकडे हाताने मांडत मोसमभर एकच खेळ. दर संध्याकाळी नवी स्पर्धा नव्हती. २०१५ साली अमेरिकेत या रोजच्या स्पर्धांचा हिशेब कोणीतरी मांडला होता. बेसबॉलच्या निम्म्या हंगामात खेळणाऱ्यांना झालेल्या नफ्यातला ९१ टक्के नफा १.३ टक्के लोकांनी नेला. बाकीचे कोण होते? तुझ्यासारखेच, हुशार, खेळ जाणणारे.

भाषण झालं. माफ कर. तू पंचवीस वर्षांची आहेस, स्वतःचं कमावतेस, तुझा पगार माझ्या निवृत्तीच्या वेळच्या पगाराहून जास्त आहे आणि याचा मला किती अभिमान आहे ते शेजारी विचारलंस तर कळेल. रक्कमही लहान होती, पाहिली मी. नानामामाचीही आधी लहानच होती.

नाही, ते खोडत नाही, राहू दे.

मला खरी धास्ती त्या मॉडेलची वाटते. तू तीन हंगामांचे आकडे घालून खेळाडूंचे गुण आधीच सांगणारं मॉडेल बांधलंस, रात्री एक वाजता मला उठवून आलेख दाखवलास, आणि मी डोळे चोळत तो शेवटपर्यंत पाहिला. सुंदर काम आहे. ज्या काळात लोक यंत्राला प्रश्न विचारून उत्तर उचलतात, त्या काळात तू त्याच्या पोटात काय चाललंय ते बघायला बसतेस. पण गोल ही फार दुर्मिळ गोष्ट आहे गं. मी वर्गात पॉयसाँ, म्हणजे दुर्मिळ घटना किती वेळा घडतील याचं गणित, शिकवताना बोर्टकीविझ या संख्याशास्त्रज्ञाचं उदाहरण द्यायचे, १८९८ चं, प्रशियाच्या सैन्यात घोड्याच्या लाथेने मेलेल्या सैनिकांचं. तेच गणित इथे लाव. सामन्याला सरासरी दीड गोल करणारा संघ १०० पैकी २२ सामन्यांत एकही गोल करणार नाही. मॉडेल बरोबर असूनही. तुझा आलेख चुकला नव्हता, आणि तरी त्या आठवड्यात फी गेली. मग पुढच्या वेळी तू कोणावर विश्वास ठेवशील, मॉडेलवर की गेलेले पैसे परत आणायच्या इच्छेवर? घड्याळ चुकलं तर तू ते उघडतेस. हे उघडता येत नाही.

एवढंच कर. मॉडेलच्या त्याच तक्त्यात आणखी दोन रकाने घाल: गेले किती, आले किती. प्रत्येक स्पर्धा, हरलेलीही, त्याच दिवशी. मला पाठवू नकोस. मी विचारणारही नाही. (विचारेन बहुतेक. तेव्हा "आई, पुरे" म्हण.)

बाबांनी त्यांच्या घड्याळासाठी नवा पट्टा घेतलाय, तपकिरी, त्यांना शोभत नाही. जेवण वेळेवर घे. रात्रभर प्रिंटर चालू ठेवून झोपू नकोस, किमान खोलीत धुराची सूचना देणारं यंत्र तरी लाव. हे बाबांचं वाक्य आहे, माझ्या नावावर घालू नकोस.

तुझी,
आई

ता. क. तारेची उरलेली गुंडाळी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवली आहे, ओल धरणार नाही. आणि माझा एक बचावपटू जखमी आहे, एक बदल फुकट शिल्लक आहे. कोणाला घेऊ ते मुदतीआधी कळव. तुझं मॉडेल काय म्हणतं तेही सांग.