अमेरिकेतील मोटारकेंद्री उपनगरे : आवड की सक्ती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील शहरांविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यात एक समजूत वारंवार आढळते. जमीन मुबलक, लोक सधन आणि मोटारीची हौस मोठी, म्हणून तिथली शहरे मैलोन्‌मैल पसरत गेली, असे मानले जाते. ही समजूत मला अपुरी वाटते. या पसाऱ्यात लोकांच्या आवडीचा वाटा आहेच, पण त्याहून मोठा वाटा सरकारी नियमांचा आणि सरकारी पैशाचा आहे.

१९२६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओहायो राज्यातील युक्लिड गावाच्या खटल्यात, जमिनीचे वापरानुसार विभाग पाडण्याचा स्थानिक संस्थांचा अधिकार मान्य केला. कारखान्यांचा धूर वस्तीपासून दूर राहावा, हा विचार रास्तच होता. मात्र त्याच निकालपत्रात बंगल्यांच्या भागात उभी राहणारी अपार्टमेंट इमारत बांडगुळासारखी ठरवली गेली, आणि पुढे असंख्य शहरांनी आपली बहुतांश निवासी जमीन एका भूखंडावर एकाच कुटुंबाचे घर यासाठी राखून ठेवली. जिथे किराणा दुकान काढायला परवानगीच नाही, तिथे दुधाच्या पिशवीसाठीही मोटार काढावी लागणार, हे उघड आहे.

पैशाचा ओघही त्याच दिशेने वळवण्यात आला. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाने गृहकर्जांना हमी दिली. ती प्रामुख्याने शहराबाहेरच्या नव्या घरांना मिळाली आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना नाकारली गेली. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर उभ्या राहिलेल्या लेव्हिटाउनमध्ये १७ हजारांहून अधिक घरे बांधली गेली, आणि सुरुवातीच्या करारांत गोऱ्यांखेरीज इतरांना तिथे राहण्यास मनाई होती. १९५६ च्या कायद्याने ४१ हजार मैलांच्या महामार्गजाळ्याचा ९० टक्के खर्च केंद्र सरकारने उचलला. त्यातील अनेक रस्ते शहरांच्या मध्यातून नेण्यात आले. मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल शहरामधली राँडो ही कृष्णवर्णीयांची नांदती वस्ती त्यांपैकीच एका रस्त्याने दुभंगली. अमेरिकन उपनगराचा इतिहास सांगताना हा अन्याय गाळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

गर्दी झाली की रस्ता रुंद करायचा, हा उपायही तिथे पुरेपूर आजमावून झाला आहे. ह्यूस्टन शहराचा केटी फ्रीवे हा महामार्ग २००८ मध्ये रुंदीकरण पूर्ण झाल्यावर, सेवारस्ते धरून, काही ठिकाणी २६ पदरी झाला; परंतु मोकळ्या रस्त्याच्या भरवशावर आणखी दूर वसाहती झाल्या आणि काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला. या रस्त्यांचा खर्च मोटारवाले पेट्रोलवरील करातून भागवतात, असा युक्तिवाद केला जातो. प्रत्यक्षात केंद्राचा हा कर १९९३ पासून गॅलनमागे १८.४ सेंटच आहे, आणि या करावर चालणाऱ्या महामार्ग निधीतील तूट २००८ पासून वेळोवेळी सर्वसाधारण तिजोरीतून भरून काढावी लागली आहे. म्हणजे ज्याच्याकडे मोटार नाही, तोही या रस्त्यांसाठी पैसे मोजतो.

मोटार न चालवणाऱ्या माणसाचा विचार आपल्या वाचकांना दूरचा वाटू नये. मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांपैकी अनेकांना घर प्रशस्त मिळते, पण पदपथ मध्येच संपतो, बस असलीच तर तासाने येते, आणि देवळात वा ग्रंथालयात जायचे तरी कोणीतरी सोडेपर्यंत थांबावे लागते. तिथल्याच शाळकरी मुलांची, वृद्धांची आणि अपंगांची हीच अडचण कायमची आहे. शिवाय चालणे धोक्याचेही आहे. २०२२ या एका वर्षात अमेरिकेत ७,५०० हून अधिक पादचारी वाहनांखाली मृत्युमुखी पडले.

नियमांनी जे घडवले, ते नियम बदलून सुधारता येते, याची सुरुवातही झालेली आहे. बफेलो शहराने २०१७ मध्ये नव्या बांधकामांवरील पार्किंगची सक्ती, म्हणजे मोटारींसाठी ठरावीक जागा ठेवण्याचे बंधन, काढली. मिनियापोलिस शहराने २०१८ मध्ये, ज्या भूखंडांवर केवळ एका कुटुंबाचे घर चालत असे तिथे तीन घरांपर्यंत परवानगी देणारा आराखडा मंजूर केला. ओरेगनने २०१९ मध्ये राज्यभरासाठी त्याच दिशेने कायदा केला, तर कॅलिफोर्नियाने २०२२ च्या कायद्याने मोठ्या सार्वजनिक वाहतूक थांब्यांच्या अर्ध्या मैलाच्या परिसरात पार्किंगची सक्ती बहुतांशी थांबवली. यातील कोणताही कायदा कोणाचा बंगला पाडत नाही किंवा मोटार काढून घेत नाही. आजवर बेकायदा असलेले दुसरे घर किंवा कमी पार्किंगची इमारत बांधण्याची केवळ मुभा हे कायदे देतात.

असे बदल मंजूर होण्याआधी स्थानिक परिषदांच्या खुल्या सुनावण्या होतात. तिथे बोलायला येणाऱ्यांत बहुधा वर्षानुवर्षे स्थिरावलेल्या घरमालकांचा आणि त्यांच्या विरोधाचा भरणा असतो. अमेरिकेत स्थायिक झालेले अनेक मराठी लोक अशाच उपनगरांत घरमालक आहेत. त्यांनी या सुनावण्यांना जावे आणि पदपथाच्या, बसच्या व लहान घरांच्या बाजूने बोलावे, अशी माझी त्यांना आपल्या पत्राद्वारे कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक