पाठ संपल्यानंतरचा अर्धा तास : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री यांना,
सप्रेम नमस्कार.

शिक्षक घडवणाऱ्या अभ्यासक्रमांची चर्चा निघाली की ती ठरावीक प्रश्नांभोवती फिरते. अभ्यासक्रम किती वर्षांचा असावा, प्रवेश परीक्षा कशी घ्यावी, महाविद्यालयांची तपासणी कोणी करावी, नवे विषय कोणते घालावेत. हे प्रश्न महत्त्वाचे आहेत आणि त्यांवर बोलणारी जाणती माणसे आपल्या सल्लागारांत असतीलच. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. अध्यापक महाविद्यालयाचे छात्राध्यापक, म्हणजे शिक्षक होण्याचे शिक्षण घेणारे विद्यार्थी, आमच्या शाळेत येतात, त्यांतले काही माझ्या वर्गावर पाठ घेतात आणि मी मागच्या बाकावर बसून ते पाहते. त्या बाकावरून जे दिसते ते मंत्रालयापर्यंत क्वचितच पोहोचते, म्हणून हे पत्र.

माझी मागणी एकच आहे. छात्राध्यापकाला ज्या शिक्षकाच्या हाताखाली पाठवले जाते, त्या शिक्षकाला या कामासाठी वेळापत्रकात वेळ द्या, त्याची रीतसर तयारी करून घ्या आणि छात्राध्यापकाच्या मूल्यमापनात त्याचा शब्द धरा. आज हे काम बहुतेक शाळांत केवळ भिडेखातर चालते. मुख्याध्यापक सांगतात, ‘उद्यापासून चार जण येणार आहेत, सांभाळून घ्या,’ आणि आम्ही सांभाळून घेतो.

शिक्षकी पेशात एक गोष्ट फार वेगळी आहे. वकील होऊ पाहणाऱ्या मुलीने आधी वर्षानुवर्षे कोर्टात बसून काढलेली नसतात. शिक्षक होऊ पाहणाऱ्याने मात्र आपले सगळे बालपण शिक्षकासमोर घालवलेले असते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये हिशेब मांडला होता, की शालेय शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थ्याने सुमारे १३,००० तास शिक्षकांच्या सहवासात काढलेले असतात. ही एक प्रकारची उमेदवारीच झाली, पण अर्धवट. शिक्षक फळ्यापुढे काय करतो ते विद्यार्थ्याला दिसते. त्याने हेच उदाहरण का निवडले, दुसरे का गाळले, कोणाच्या चेहऱ्याकडे पाहून वेग कमी केला, हे त्याला कधीच दिसत नाही.

त्यामुळे महाविद्यालयात येणारा छात्राध्यापक कोरी पाटी घेऊन येत नाही. शिकवणे म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक आहे असे त्याला मनातून वाटत असते. मानसशास्त्राच्या तासाला तो अध्ययनाच्या उपपत्ती लिहून घेतो आणि परीक्षेत त्या नीट मांडतोही. पण वर्गात गलका वाढला, घड्याळ पुढे सरकू लागले, की त्याच्या तोंडून त्याच्या जुन्या शिक्षकांचाच आवाज येतो. ‘समजलं ना सगळ्यांना?’ वर्ग म्हणतो, ‘हो.’ पाठ पुढे जातो. ही सवय व्याख्यानाने मोडत नाही. ती मोडायला कोणीतरी शेजारी बसून विचारावे लागते, ‘हो म्हणणाऱ्यांपैकी खरंच कोणाला कळलं होतं? तुम्हाला ते कशावरून कळलं?’

सराव पाठ याचसाठी असतात. प्रत्यक्षात त्यांचे काय होते ते सांगते. पाठाचे टाचण, म्हणजे लेखी आराखडा, आदल्या दिवशी तपासून घेतलेले असते. उद्दिष्टे आणि स्पष्टीकरणे रकान्यांत बसवलेली असतात. घटक बहुधा असा दिलेला असतो, की पाठ फसला तरी वर्गाचे फारसे बिघडू नये. तक्ते सुंदर असतात. निरीक्षक काही मिनिटे थांबतात, कारण त्यांना त्याच तासाला आणखी दोन वर्गांत जायचे असते. वहीत शेरा येतो : ‘फलकलेखन सुधारावे. आवाज स्पष्ट. प्रश्नांचे वितरण चांगले.’ मुलांनी काय विचार केला, याविषयी त्या शेऱ्यात एक शब्दही नसतो. शेरा पाठाच्या दिसण्याविषयी असतो आणि छात्राध्यापक तेवढेच सुधारतो. यात निरीक्षकांचा दोष आहे असे मी म्हणणार नाही. इतक्या थोड्या वेळात त्यांना यापेक्षा जास्त काही दिसूच शकत नाही.

चांगल्या कल्पना अशाच झिजत गेल्या आहेत. जर्मन तत्त्वज्ञ आणि शिक्षणविचारक हर्बार्ट यांचा विचार मुलाच्या मनात आधीपासून काय आहे तिथून सुरुवात करण्याचा होता. त्यांच्या अनुयायांनी त्याची पाठाच्या पाच पायऱ्यांची पंचपदी केली आणि टाचणाच्या वहीत तिचे पाच रकाने झाले. सूक्ष्म अध्यापनाचेही तसेच. १९६०च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत विकसित केली, तेव्हा तिचा जीव होता पुनराध्यापनात. लहानसा पाठ घ्यायचा, लगेच त्यावर बोलायचे, नव्याने आखायचा आणि पुन्हा घ्यायचा. आज पहिला पाठ होतो आणि पुनराध्यापन अनेकदा वहीतच ‘होते’. ज्या टप्प्यावर छात्राध्यापक खरोखर शिकणार असतो, नेमका तोच वेळेअभावी गळतो.

तो टप्पा गळला नाही तर काय होते, याचे एक उदाहरण देते. एका छात्राध्यापिकेने माझ्या वर्गावर दशांश अपूर्णांकांचा पाठ घेतला. विषयावर पकड चांगली होती, मुले उत्साहात उत्तरे देत होती. शेवटी मी तिला फळ्यावर एक प्रश्न लिहायला सांगितला : ०.४५ आणि ०.५ यांत मोठी संख्या कोणती? प्रत्येकाने आपापल्या वहीत उत्तर लिहायचे होते. बऱ्याच जणांनी ०.४५ लिहिले. तिने लगेच नियम सांगितला, ‘०.५ च्या पुढे शून्य लावा, मग ५० आणि ४५ दिसतील.’ मुलांनी खोडून नवे उत्तर लिहिले आणि घंटा झाली.

पुढचा तास मला योगायोगाने मोकळा होता. आम्ही वह्या घेऊन बसलो. चुकलेल्यांचे कारण तिच्या लगेच लक्षात आले : ४५ हे ५ पेक्षा मोठे, म्हणून ०.४५ मोठे. मी तिला म्हटले, आता बरोबर आलेल्यांकडे बघू. मधल्या सुट्टीत त्यांतल्या दोघातिघांना बोलावून विचारले. एक मुलगी म्हणाली, ‘पॉइंटनंतर जास्त आकडे म्हणजे जास्त बारीक तुकडे, म्हणून लांब संख्या नेहमी लहान.’ तिला आम्ही ०.७३ आणि ०.६ दिले. तिने न डगमगता ०.६ मोठे म्हणून सांगितले. म्हणजे पहिल्या प्रश्नाचे तिचे बरोबर उत्तर चुकीच्या समजुतीतून आले होते. उलट पहिल्या प्रश्नात चुकलेली मुले या दुसऱ्या प्रश्नात बरोबर येणार होती, तीही चुकीच्याच कारणाने. छात्राध्यापिका बराच वेळ त्या दोन प्रश्नांकडे पाहत राहिली. मग तिने स्वतःच विचारले, ‘म्हणजे दोन्ही प्रश्न एकत्र दिले तरच कोण कसा विचार करतंय ते कळेल?’ दुसऱ्या दिवशी तिने त्याच वर्गावर पुन्हा पाठ घेतला. या वेळी तिने संख्यारेषा काढली, ०.५ आणि ०.५० एकाच बिंदूवर का येतात हे मुलांकडून काढून घेतले, आणि शून्य लावायचा नियम मुलांनीच सांगितला.

त्या अर्ध्या तासात ती जे शिकली, ते गणिताच्या पदवीत नव्हते आणि अध्यापन पद्धतीच्या पुस्तकातही नव्हते. विषय मुलांच्या डोक्यात कसा वाकडातिकडा बसतो आणि तो सरळ करायला कोणता प्रश्न, कोणती आकृती लागते, हे ज्ञान शिक्षकाचे स्वतःचे असते. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये याच ज्ञानाकडे शिक्षणक्षेत्राचे लक्ष वेधले होते. आशययुक्त अध्यापन या नावाने त्याचा पेपरही असतो. पण पेपर लिहून ते येत नाही. खऱ्या मुलांच्या खऱ्या वह्या समोर हव्यात आणि त्या वाचायची सवय असलेला माणूस शेजारी हवा. तो माणूस शाळेत आहे, मंत्रिमहोदय. फक्त त्याला तास मोकळा नाही.

शिक्षक तयार करायला शाळाच लागते, ही जाण जुनी आहे. १८३९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टन इथे अमेरिकेतले पहिले सरकारी अध्यापक विद्यालय सुरू झाले. पहिल्या दिवशी तीनच विद्यार्थिनी होत्या, तरीही लवकरच त्याला जोडून एक आदर्श शाळा काढली गेली. फिनलंडमध्ये विद्यापीठांच्या स्वतःच्या सराव शाळा आहेत आणि छात्राध्यापकांना मार्गदर्शन करणे हा तिथल्या शिक्षकांच्या नोकरीचाच भाग आहे. जपानमध्ये शिक्षक मिळून पाठ आखतात, एक जण तो घेतो, बाकीचे मुलांचे निरीक्षण करतात आणि नंतर सगळे चर्चेला बसतात. हे नवखे आणि अनुभवी, दोघेही करतात. वैद्यकीय महाविद्यालयाला रुग्णालय असावेच लागते, याबद्दल कोणाला शंका येत नाही. अध्यापक महाविद्यालयाला मात्र शाळा शोधत फिरावे लागते.

म्हणून प्रत्यक्ष काय करता येईल ते लिहिते. छात्राध्यापक ज्याच्याकडे सोपवला आहे त्या शिक्षकाचे आठवड्याचे काही तास अधिकृतपणे कमी करा, आणि ते तास चर्चेसाठीच राखून ठेवा. यासाठी जागा लागतील, खर्च येईल, हे मला कळते. पण या एका बाबीवर हात आखडता घेतला, तर अभ्यासक्रमावर केलेला बाकीचा खर्च वर्गाच्या दारापाशी थांबतो. मार्गदर्शक शिक्षक केवळ सेवाज्येष्ठतेने निवडू नका. उत्तम शिकवणाऱ्या प्रत्येकाला आपले शिकवणे दुसऱ्याला उलगडून सांगता येतेच असे नाही, ते वेगळे कौशल्य आहे आणि त्याचे प्रशिक्षण हवे. छात्राध्यापकाला आज या शाळेत, उद्या त्या शाळेत असे फिरवण्यापेक्षा एका वर्गासोबत सलग राहू द्या, म्हणजे आपण शिकवलेले मुलांना महिन्याभराने किती आठवते हे त्याला पाहता येईल. पाठांची संख्या कमी केली तरी चालेल. पुनराध्यापन मात्र एकदाही टळू नये.

अध्यापक महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनीही दरवर्षी काही काळ शालेय वर्ग शिकवावा, असे मला मनापासून वाटते. त्यांच्यापैकी अनेकांना ते हवेच असेल. महाविद्यालयात बसून शाळेविषयी बोलत राहावे लागणे त्यांच्यावरही अन्यायाचेच आहे.

एका गोष्टीबद्दल मात्र मला स्पष्ट बोलले पाहिजे. जिथे शिक्षक कमी आहेत तिथे छात्राध्यापक म्हणजे फुकटचे मनुष्यबळ होऊन बसतात. रिकाम्या वर्गावर पाठवले जातात, परीक्षेच्या कामाला लावले जातात, याद्या करत बसतात. शाळेची अडचण खरी असते, मुख्याध्यापक दुष्ट नसतात. तरीही हा काळ शिकण्याचा आहे आणि शिकणाऱ्याला मार्गदर्शकाविना वर्गात एकटे सोडणे मुलांवरही अन्याय करणारे आहे. नियमात याला स्पष्ट मनाई हवी आणि रिकाम्या जागा भरण्याची जबाबदारी शासनाने स्वतःकडेच ठेवावी.

पदवी मिळाल्यानंतरच्या पहिल्या वर्षाचेही असेच आहे. स्कॉटलंडने २००२ पासून नव्या शिक्षकाला एक वर्षाची हमखास नेमणूक देणारी योजना सुरू केली. त्या वर्षी त्याला नेहमीच्या शिक्षकाच्या सुमारे ७० टक्केच तास दिले जात आणि उरलेला वेळ मार्गदर्शनासाठी व शिकण्यासाठी असे. बहुतेक शाळांत याच्या नेमके उलट घडते : सर्वांत अवघड वर्ग सर्वांत नवख्याच्या वाट्याला येतो, कारण जुन्यांनी तो आधीच नाकारलेला असतो.

नवे नियम तयार करताना त्या समितीवर सध्या वर्गात शिकवणारे आणि छात्राध्यापक सांभाळणारे शिक्षक घ्यावेत, ही शेवटची विनंती. निमंत्रित पाहुणे म्हणून नव्हे, मत देणारे सदस्य म्हणून. बैठका शाळेच्या वेळेत असतील तर त्यांच्या वर्गांची सोयही आधीच करून ठेवावी. नाहीतर ते येऊ शकणार नाहीत.

कळावे,
आपली नम्र,
एक गणित शिक्षिका