मंजू, ती डिबेट पूर्ण बघ, नुसती क्लिप नको

एडिसन, न्यू जर्सी
२३ ऑक्टोबर २०१२, खंडेनवमी

प्रिय मंजू,

काल रात्री अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीतली, राष्ट्राध्यक्ष ओबामा आणि त्यांचे विरोधी उमेदवार रॉम्नी यांची तिसरी, शेवटची डिबेट झाली, परराष्ट्र धोरणावरची, फ्लोरिडात बोका रॅटनच्या लिन युनिव्हर्सिटीत. तुझ्याकडे तेव्हा सकाळचे साडेसहा, म्हणजे तू शाळेच्या गडबडीत असणार आणि तोवर फेसबुकवर तुला एकच वाक्य दिसलं असणार, ते घोडे आणि संगिनींचं. म्हणूनच लिहायला बसले, कारण नव्वद मिनिटांतलं नेमकं तेवढंच लोक लक्षात ठेवणार आणि जे खरं बोलायला हवं होतं त्यावर कुणी काही बोलणारच नाही असं वाटायला लागलंय.

तर ते वाक्य असं आलं. रॉम्नी म्हणाले आपलं नौदल १९१७ नंतर कधी नव्हतं इतकं लहान झालंय, जहाजं वाढवायला हवीत. ओबामा म्हणाले घोडे आणि संगिनीही आता पूर्वीपेक्षा कमीच आहेत, लष्कराचं स्वरूप बदललंय, आता विमानवाहू नौका आहेत, पाण्याखालून जाणाऱ्या अणुपाणबुड्या आहेत. आज आमच्या ऑफिसात दिवसभर तेच. टोला चांगलाच बसला हे खरं. पण अगं, जहाजं किती हवीत हा पुढचा प्रश्न झाला, ती कुठल्या समुद्रात आणि कशासाठी पाठवणार हे दोघांनीही नीट सांगितलं नाही, आणि परराष्ट्र धोरण म्हणतात ते तर त्यातच असतं ना?

सासूबाई सध्या इथेच आहेत, त्याही बसल्या होत्या आमच्याबरोबर. इंग्रजी त्यांना बऱ्यापैकी कळतं. अर्ध्या तासाने म्हणाल्या, "अगं, हे भांडतायत की एकमेकांना हो म्हणतायत?" अगदी बरोबर बोलल्या त्या. अफगाणिस्तानातून २०१४ पर्यंत सैन्य बाहेर काढायचं, दोघांनाही मान्य. सीरियात अमेरिकन सैन्य पाठवायचं नाही, मान्य. इराणला अणुबॉम्ब करू द्यायचा नाही, मान्य. पाकिस्तानशी संबंध तोडायचे का विचारल्यावर रॉम्नीच म्हणाले की शंभर अण्वस्त्रं असलेल्या देशाशी काडीमोड घ्यायची ही वेळ नाही. आधी महिनोन्महिने ओबामांना कमकुवत म्हणत फिरलेला माणूस समोर बसल्यावर इतका मवाळ झाला.

आणि मग ड्रोन. मंजू, इथे मात्र माझा जीव तुटला. बॉब शीफर, मॉडरेटर, म्हणजे प्रश्न विचारणारे, त्यांनी रॉम्नींना सरळ विचारलं की ड्रोनच्या वापराबद्दल तुमचं मत काय. रॉम्नी म्हणाले पूर्ण पाठिंबा आहे, राष्ट्राध्यक्षांनी वापर वाढवला ते योग्यच केलं. झालं! ज्यांच्या आदेशावरून हे हल्ले वाढले ते ओबामा समोरच बसलेले, त्यांना कुणी विचारलंच नाही की पाकिस्तानातल्या वझिरिस्तानात वरून जे मारलं जातं त्यात निरपराध किती, ते मोजतं कोण, मारायच्या यादीत कुणाचं नाव घालायचं हे कुणी ठरवायचं, चूक झाली तर त्या घराला उत्तर कोण देणार. याच महिन्याच्या सुरुवातीला इम्रान खान हजारो लोकांना घेऊन इस्लामाबादहून दक्षिण वझिरिस्तानकडे निघाला होता ना याच्याविरुद्ध, टांकच्या पुढे त्यांना जाऊ दिलं नाही. त्या सगळ्याला डिबेटमध्ये मिनिटभरसुद्धा मिळालं नाही.

मी तालिबानची बाजू घेत नाहीये हे तुला सांगायला नकोच. ९ तारखेला स्वातमध्ये शाळेतून घरी निघालेल्या मलालाच्या डोक्यात गोळी घातली त्यांनी, ती बातमी वाचल्यापासून माझं मन थाऱ्यावर नाहीये. पण म्हणूनच वाटतं की जिथल्या पोरींना जमिनीवर तालिबानची भीती आणि डोक्यावर ड्रोनची, त्यांच्याबद्दल जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाला निदान एक तरी अवघड प्रश्न यायला हवा होता. दोन्ही पक्षांचं जिथे एकमत होतं तिथे प्रश्न विचारणंच बंद होतं, आणि लोकांना वाटतं त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

तुझ्या भूगोलाच्या तासाला सांगण्यासारखी एक गोष्ट. रॉम्नी म्हणाले सीरिया हा इराणचा समुद्राकडे जायचा रस्ता आहे. तू नकाशा काढून बघशीलच, इराणला पर्शियन आखाताचा केवढा मोठा किनारा आहे, आणि इराण-सीरियाची हद्द तर कुठेच लागत नाही, मध्ये अख्खा इराक! ना ओबामांनी टोकलं, ना शीफर यांनी. सीरियात रोज माणसं मरतायत, तिथे काय करायचं हे ठरवणाऱ्यांना तो देश नकाशावर नीट माहीत असावा एवढी अपेक्षा काही जास्त नाही.

आणि विषय परराष्ट्र धोरणाचा असून मध्येच गाडी ओहायोकडे वळली, कार कंपन्या, शाळा, शिक्षक, शेवटी शीफर म्हणाले आपल्या सगळ्यांनाच शिक्षक आवडतात. ओहायोच्या मतांवर निवडणूक अडकलीये हे समजतं मला. पण त्या वेळात काय काय राहिलं बघ. युरोपात एवढं कर्जाचं संकट चालू आहे, त्यावर प्रश्न नाही. भारताबद्दल नाही. क्लायमेट चेंज तर तिन्ही डिबेट्समध्ये नाही, आणि हे त्या वर्षी, जेव्हा इकडे आयोवात मका उभ्या उभ्या करपला आणि तिकडे तुझ्या जतला, आटपाडीला जनावरं छावणीत न्यायची वेळ आली. दोन्हीकडच्या दुष्काळाचं कारण एकच असं मी म्हणत नाही, पण विषयच निघू नये?

तरीसुद्धा तुला सांगते, मला हे बघायला आवडतं आणि मी पुन्हा बघेन. पन्नास वर्षांपूर्वी त्याच तारखेला केनेडींनी क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांबद्दल देशाला सांगितलं होतं, शीफर यांनी सुरुवातच तिथून केली, आणि मग पदावरचा राष्ट्राध्यक्ष एका टेबलाशी बसला आणि समोरच्याने तोंडावर म्हटलं की तुम्ही जगभर अमेरिकेच्या वतीने माफी मागत फिरलात. त्याला ते ऐकून घेऊन उत्तर द्यावं लागलं. आपल्याकडे पंतप्रधानपदाचे दोन दावेदार असे समोरासमोर बसून चीनवर, पाकिस्तानवर, श्रीलंकेतल्या तमिळांवर बोललेत असं कधी झालंय का? व्हायला हवं गं. पक्ष कुठलाही असो, मला ते मनापासून बघायचंय.

आम्हाला इथे मत नाही, नोकरीच्या एच-वन व्हिसावर राहतो आम्ही, ६ नोव्हेंबरला नुसतं बघायचं. तू नेहमी म्हणतेस कुणीही आला तरी आपल्याला काय फरक पडतो. मला नाही पटत ते. २०१४ नंतर काबूलमध्ये कोण बसणार यावर काश्मीरचं बरंच काही अवलंबून आहे, आणि ते ठरवण्यात या दोघांपैकी एकाचा हात असणारच. डिबेट पूर्ण बघ, यूट्यूबवर आहे, मग रविवारी स्काइपवर भांडू.

आईंनी तुला दसऱ्याचे आशीर्वाद सांगितलेत. आणि जतला शेवटचा पाऊस तरी झाला का, तुझ्या भावाची जनावरं छावणीतून घरी आली का, हे आधी कळव, बाकीचं नंतर.

तुझी,
स्मिता