बाबा, गूळही साखरच

पुणे, ६ जानेवारी

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न. वि. वि.

उद्या सकाळच्या गाडीने कराडला एक पिशवी येतेय. त्यात तीन डबे आहेत. स्टीलचा उभा डबा तिळाच्या लाडवांचा, तो बाबांचा; निळ्या झाकणाचा आईचा. छोट्या डब्यात कुटलेलं जवस आहे, ते आल्या आल्या फ्रिजमध्ये टाका. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर बाबा मध्येच "अगं ऐक ऐक" करत स्वतःचं सुरू करतात आणि आई "बरं बरं" म्हणत फोन ठेवून देते. लिहिलेलं असलं की कुणाला मध्येच तोडता येत नाही.

बाबा, आधी तुमच्याशी भांडण, तुमच्या मधुमेहावरून. तुम्ही परवा पाठवलेला मेसेज वाचला. 'गुळाने साखर वाढत नाही, उलट रक्त शुद्ध होते', खाली जोडलेले हात आणि गुलाबाची फुलं. ज्या माणसानं फडातला ऊस तुटण्यापासून गूळ साच्यात पडेपर्यंत सगळं डोळ्यांनी पाहिलंय, त्यानं हा मेसेज पुढे पाठवावा? चुलवाणावर काहील, ती भली मोठी कढई, चढवायची, भेंडीचं पाणी टाकून मळी वर आणायची, ती काढायची आणि रस आटवत जायचं. पाणी उडून गेल्यावर मागे काय राहणार? कारखान्यात त्याच रसातली साखर वेगळी काढतात. गुऱ्हाळात ती बाकीच्या चार गोष्टींसकट तशीच राहते, एवढाच फरक. शंभर ग्रॅम गुळात ऐंशीच्या वर ग्रॅम साखरच असते. उष्मांक म्हणाल तर साखरेचे चारशेच्या आसपास, गुळाचे तीनशे ऐंशीच्या घरात. तुमच्या शरीराला हा फरक कळतसुद्धा नाही.

"पण गुळात लोह असतं." असतं ना. मी पाठवलेल्या एका लाडवात पाच ग्रॅम गूळ आहे, त्यातून मिळणारं लोह पाव मिलिग्रॅमच्या आसपास, तेही गुळागुळावर बदलतं. लोहासाठी गूळ खायचा म्हटलं तर आधी साखर कुठल्या कुठे जाईल. गूळ खायचा तो चवीसाठी. त्या चवीला तोड नाही हे मी तुमच्याइतकंच मानते, साखरेचा तिळाचा लाडू मला अजूनही लाडू वाटत नाही. फक्त औषध म्हणून खाऊ नका आणि डॉक्टरांना "मी साखर बंद केलीय" असं सांगू नका. सकाळी चहात गुळाचा खडा, दुपारी पोळीवर गूळ-तूप, रात्री जेवणानंतर पुन्हा एक खडा. आईने सगळं सांगितलंय मला. तिच्यावर चिडू नका, मीच खोदून खोदून विचारलं.

आता डब्याकडे. लाडू करताना मी ठरवलं होतं की बियांना पुढे आणायचं आणि गुळाला मागे ठेवायचं. आपल्याकडे तिळाला बरोबरीचा गूळ घालायची पद्धत, संक्रांतीला वाटायच्या लाडवांत तर जास्तच. मी पाव किलो तीळ, शंभर ग्रॅम जवस, शंभर ग्रॅम भोपळ्याच्या बिया आणि शंभर ग्रॅम दाणे घेतले, आणि या सगळ्याला मिळून गूळ दोनशे ग्रॅम. वर चमचाभर तूप, वेलची, सुंठ. याचे चाळीस लाडू झाले, काट्यावर एकेक एकोणीस ग्रॅमचा. आई, तू हे वाचून हसणार. तुझ्या हातालाच माप होतं, मला वजनकाटा लागतो. पण साखर मोजायची असली तर लाडूही सारख्या आकाराचे हवेत, नाहीतर बाबा नेमका मोठा उचलतात.

एका लाडवाचे उष्मांक शंभरच्या आसपास होतात. म्हणजे जवळपास एक फुलका. यातले बरेचसे तिळा-दाण्यांच्या तेलातून येतात, गुळातून जेमतेम वीस. त्यामुळे 'पौष्टिक आहे' म्हणून येता-जाता तोंडात टाकायचे नाहीत. बाबांना दिवसाला एक, तोही दुपारच्या जेवणात, आणि त्या जेवणात अर्धी पोळी कमी. चहाबरोबरची बिस्किटं बंद. आईला दोन चालतील.

आई, हे लाडू पाकातले नाहीत, त्याचं कारण तुझी कवळी. चिक्कीच्या गुळाचा कडक पाक आणि अख्खे तीळ म्हणजे दिवसभर कवळीखाली तीळ टोचत राहणार. मग तू कवळी काढून ठेवतेस, आणि रात्री भाकरी दुधात कुस्करून खातेस. म्हणून सगळं भरड वाटलंय. आधी प्रत्येक गोष्ट मंद आचेवर वेगवेगळी भाजली. एकत्र भाजली तर तीळ उडायला लागतात तेव्हा दाणे कच्चेच असतात. जवस तडतडून थांबलं की उतरवायचं. सगळं पूर्ण गार झाल्यावर मिक्सरला थांबून थांबून फिरवलं, त्यात साधा मऊ गूळ किसून घातला आणि पुन्हा दोन झटके दिले. तिळाचं तेल सुटतं, त्यात गूळ मिसळतो आणि मुठीत घेतलं की लाडू वळतो. पाक करायचा नाही, हात भाजायचा नाही. तुझं मनगट दुखतंय, त्यामुळे पुढच्या वेळी तुला कराविसे वाटलेच तर असेच कर. नाहीतर वळायला बाबांना बसव. वाटून झाल्यावर मिश्रण कोमट असेपर्यंत वळायचं, गार झालं तर भुसभुशीत होतं.

तुझा पाक मात्र मला येत नाही, आणि येईल असं वाटतही नाही. तू वाटीत गार पाणी घेऊन त्यात पाकाचा थेंब सोडायचीस. बोटांत गोळी झाली की लाडवाचा पाक, आणि तीच गोळी ताटलीत टाकल्यावर टण् वाजली की वडीचा. आमच्या हातात ती गोळी खायला यायची, म्हणून आम्ही ओट्याला चिकटून उभे. पुढे गुऱ्हाळावर गुळव्यालासुद्धा मी हेच करताना पाहिलं. काहिलीतला रस पाण्यात टाकून, बोटांनी गोळा करून बघायचा, आणि मग "उतरवा" म्हणून ओरडायचा. एवढी मोठी काहील आणि तपासणी वाटीतल्या पाण्यात! ओरडायला अर्धा मिनिट उशीर झाला की आख्खं आधण काळं पडायचं. तेव्हा बाबांचा चेहरा कसा व्हायचा ते मला आठवतंय, तुम्हाला आठवत नसेल.

गूळ मी आपल्या तिकडचाच वापरलाय, तांबूस, थोडा मऊ. इथे दुकानात पिवळाधमक, चकचकीत गूळ पुढे मांडलेला असतो आणि माणसं तोच उचलतात. बाबा, तुम्हीच शिकवलंत की इतका पिवळा रंग उसातून येत नाही, रस उकळताना त्यात रंग उजळायच्या रसायनाची, हायड्रॉसची, पावडर पडते तेव्हा येतो. त्यामुळे गडद बघून घेते. नुसत्या काळ्या रंगावरही भरवसा नाही, जुना गूळसुद्धा काळा पडतो. म्हणून एक तुकडा जिभेवर ठेवून बघते, खारट लागला की परत. दुकानदार वैतागतो. वैतागू दे.

तिळाचंही तसंच. इथे पांढरेशुभ्र सोललेले तीळ मिळतात, दिसायला छान. पण तिळातलं बरंचसं कॅल्शियम सालीत असतं, साल काढली की तेही गेलं. म्हणून आपले मळकट, बिनपॉलिशचे आणलेत. लाडू काळपट दिसतील, खराब झालेत असं समजू नकोस. पण आई, एवढ्यावर हाडं घट्ट होतील असंही समजू नकोस. एका लाडवात सहा ग्रॅमच्या आसपास तीळ आहेत, कागदावर साठेक मिलिग्रॅम कॅल्शियम, आणि सालीतलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, त्यामुळे त्यातलं बरंच अंगी लागत नाही. कपभर दुधात याच्या चौपट असतं. तेव्हा दूध-ताक चालू ठेव आणि डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियमची गोळी 'आता तीळ खातेय ना' म्हणून बंद करायची नाही. तू करशील, म्हणून लिहिलं.

छोट्या डब्यातलं जवस चटणीसाठी आहे. अख्खं जवस आपल्या पोटात फुटत नाही, बरंचसं तसंच बाहेर पडतं, म्हणून कुटलंय. कुटलं की त्यातलं तेल हवेने लवकर खवट होतं, म्हणून थोडंच पाठवलंय आणि म्हणून फ्रिज. ते मासे न खाणाऱ्या बाबांच्या कामाचं. ओमेगा-३ म्हणतात त्यातला एक प्रकार जवसात भरपूर असतो, माशाच्या तेलातला तो वेगळा, पण अगदीच काही नसण्यापेक्षा हा बरा. चमचाभर जवस खाल्लं की वर पाणी प्या, तंतू भरपूर असतात, पाणी नसेल तर पोट उलट धरतं. आणि बाबा, रक्त पातळ करायची गोळी कधी सुरू झाली तर जवस खाताय हे डॉक्टरांना सांगा.

निळ्या झाकणाच्या डब्यात हळिवाचे लाडू आहेत, फक्त आईसाठी. पन्नास ग्रॅम हळीव नारळाच्या पाण्यात भिजवले, दोन-तीन तासांत फुगून गिळगिळीत झाले, मग नारळाचा चव आणि गूळ घालून मंद आचेवर गोळा होईपर्यंत परतले. बाळंतिणीचा लाडू आहे म्हणून बाबा चिडवतील, चिडवू देत. तुझं हिमोग्लोबिन मागच्या वेळी खाली आलं होतं आणि हळिवात लोह चांगलं असतं. एक मात्र कर, हा लाडू चहाबरोबर खाऊ नको. चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. मधे तासभर जाऊ दे, किंवा जेवणात लिंबू पिळून घेतेस तेव्हाच खा. ओल्या नारळाचे आहेत, आठवड्याच्या आत संपव. शेजारी वाटू नको. वाटायला तिळाचे आहेत.

भोपळ्याच्या बियांवरून एक आठवलं. इथे त्या छोट्या पाकिटात 'सुपरफूड' असं लिहून विकतात आणि भाव बघून डोळे पांढरे होतात. आई गच्चीत सुपात वाळवायची त्याच ह्या, फक्त सोललेल्या. चिया घ्या म्हणूनही मागे लागतात. जवस, कारळं, तीळ घरात असताना परदेशी बियांची काय गरज आहे? असो.

एक गोष्ट नीट वाचा, दोघांनीही. बाबांना कधी घाम फुटून हातपाय थरथरायला लागले, डोळ्यांसमोर अंधारी आली, तर ती साखर कमी झाल्याची लक्षणं असू शकतात. त्यांच्या गोळीने तसं होऊ शकतं. तेव्हा लाडू द्यायचा नाही. लाडवात गूळ थोडा आणि तेल जास्त, ते पोटात सावकाश जिरतं, तेवढा वेळ आपल्याकडे नसतो. तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्यायला द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढीच द्यायची. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना. त्यासाठी साखरेची बाटली देव्हाऱ्याशेजारी ठेव आई. 'आपल्या घरात साखर नसतेच' हा बाबांचा अभिमान तिथे कामाचा नाही.

आणि बाबा, गुळावरून माझ्याशी फोनवर वाद घालू नका. पिशवीत साखर तपासायच्या पट्ट्यांची नवी डबी आहे. एक दिवस नेहमीसारखं जेवा, चहात गुळाचा खडा, पोळीवर गूळ-तूप, सगळं तुमच्या पद्धतीने, आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजा. दुसऱ्या दिवशी तेवढंच जेवण, गूळ वजा करून आणि माझा एक लाडू धरून. पुन्हा दोन तासांनी. दोन्ही आकडे कॅलेंडरवर लिहा आणि रविवारी फोटो काढून पाठवा. आकडे सारखेच आले तर पुढच्या मेसेजला मी स्वतः हात जोडून फुलं पाठवीन.

तुमची,
मनू

ता. क. डबा रिकामा परत पाठवायचा नाही, ही आईची सवय मला ठाऊक आहे. या वेळी त्यात हुरडा घाला. काकवी नको.