जुनी रॅम चालेल असे सांगून दुसराच मदरबोर्ड दिल्याबाबत तक्रार

महाल, नागपूर
दि. १२ जानेवारी २०२६

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: डीडीआर४ रॅमसाठी विचारून घेतलेला मदरबोर्ड डीडीआर५ चा निघाल्याबाबत

महोदय,

महालात माझे डीटीपीचे दुकान आहे. लग्नपत्रिका आणि विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचे प्रबंध ही आमची मुख्य कामे. आठव्या पिढीच्या आय५ प्रोसेसरच्या संगणकावर मोठ्या फायली उघडेनाशा झाल्या, म्हणून प्रोसेसर आणि मदरबोर्ड (ज्या मुख्य पाटीवर प्रोसेसर आणि रॅम बसतात ती) बदलायचे ठरवले. रॅम, म्हणजे संगणकाची तात्पुरती मेमरी, मात्र तीच ठेवायची होती. १६ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक (डीडीआर४ हा रॅमचा आधीचा प्रकार, डीडीआर५ त्यानंतरचा) माझ्याकडे आहेत, एकदाही कुरकुरल्या नाहीत. शिवाय सध्या रॅमचे भाव इतके चढले आहेत की नवी ३२ जीबी घेणे माझ्या धंद्याला झेपणारे नाही.

म्हणूनच पैसे भरण्याआधी, २ जानेवारीला, तुमच्या चॅटवर रॅमच्या लेबलचा फोटो टाकला आणि विचारले, बाराव्या पिढीचा आय५ प्रोसेसर आणि बी७६० चिपसेटचा मदरबोर्ड ही जोडी घेतली तर माझी हीच रॅम चालेल ना? उत्तर आले, "हो मॅडम, हा प्रोसेसर डीडीआर४ सपोर्ट करतो." त्या एका वाक्यावर मी ऑर्डर दिली.

६ तारखेला पार्सल आले. बर्डीवरून हार्डवेअरवाल्या मुलाला बोलावले. प्रोसेसर नीट बसला. रॅम स्लॉटवर धरली तर तिची खाच एकीकडे आणि स्लॉटमधली उभी पट्टी दुसरीकडे, मध्ये जेमतेम काही मिलिमीटरचा फरक. मला वाटले उलटी धरली असेल, म्हणून फिरवून पाहिली. तो म्हणाला, "ताई, जोर नका लावू, स्लॉट तुटेल. हा बोर्ड डीडीआर५ चा आहे." दोन्ही रॅमना पिना २८८ च असतात, लांबीही तीच. चुकीची रॅम बसू नये म्हणूनच खाच सरकवलेली असते. डीडीआर४ ला १.२ व्होल्ट लागतात, डीडीआर५ ला १.१, आणि डीडीआर५ मध्ये व्होल्टेज सांभाळणारी चिप स्टिकवरच असते. म्हणजे खाचेचे काही जमवले असते तरी माझी रॅम तिथे चालली नसती.

तुमचे उत्तर प्रोसेसरपुरते खरे होते, हे मी मान्य करते. इंटेलचे बाराव्या ते चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर दोन्ही प्रकारची रॅम घेतात. पण कोणती रॅम बसणार हे बोर्ड ठरवतो, आणि मी जोडीबद्दल विचारले होते. बी७६० चेच डीडीआर४ वाले बोर्ड बाजारात मिळतात. तुमच्या माणसाने बोर्डाच्या पानावरची एक ओळ वाचली असती तर हा घोळ झालाच नसता.

७ तारखेला तक्रार केली. ९ तारखेला उत्तर आले: बॉक्स उघडला आहे, १५ टक्के कापून परत घेऊ, नाहीतर डीडीआर५ रॅम घ्या. हे वाचून मला फार वाईट वाटले. बॉक्स उघडल्याशिवाय रॅम बसते की नाही हे कळणार कसे? आणि चूक तुमची असताना मी आणखी रॅम का विकत घ्यायची? ई-कॉमर्सचे २०२० चे नियम सांगतात की जाहिरातीत सांगितलेली वैशिष्ट्ये मालात नसतील तर विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही. चॅटवरचे लेखी उत्तर हे त्या सांगण्यातच येते, असे माझे ठाम म्हणणे आहे.

प्रोसेसर मी ठेवते आहे. त्या बोर्डाच्या बदल्यात बी७६० चा डीडीआर४ वाला बोर्ड द्यावा, फरकाची रक्कम असेल ती मी भरेन. तो नसेल तर बोर्डाचे ९,८०० रुपये एक पैसाही न कापता परत करावेत. नेण्याआणण्याचा खर्च तुमचा. सात दिवसांत उत्तर आले नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि पुढे नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. फेब्रुवारीतल्या लग्नांच्या पत्रिका माझ्याकडे येऊन पडल्या आहेत आणि त्या जुन्या मशीनवर मी रात्री जागून करते आहे, याचीही दखल घ्यावी.

सोबत: बिल, चॅटचे स्क्रीनशॉट, आणि खाच व स्लॉट शेजारी दिसतील असे दोन फोटो. बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेच्या पिनांवरचे झाकण परत लावून तो मूळ पिशवीत ठेवला आहे.

आपली ग्राहक